चेसिस नंबर सांगा

दुचाकी कंपनीने गाड्या परत बोलावल्या की पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. अमुक काळात तयार झालेल्या काही गाड्यांमधला एक भाग खबरदारी म्हणून मोफत बदलून मिळेल. कोणता भाग आणि नाही बदलला तर नक्की काय निखळेल, हे त्या चार ओळींत मावत नाही. मावतं ते एवढंच, की ग्राहकांनी आपला चेसिस नंबर टाकून खात्री करून घ्यावी.

घ्या करून.

चेसिस नंबर १७ अक्षरी असतो आणि हँडलच्या मानेवर, लोखंडात ठोकलेला असतो. असतो म्हणजे, असं म्हणतात. डोंबिवलीतल्या सोसायटीत दोन गाड्यांच्या मध्ये तिसरी घुसवून उभी करतात. तिथे आडवं होऊन, मोबाइलचा टॉर्च दातांत धरून पाहिलं की त्या जागी वायरींचा गुंता, काही पावसाळ्यांचा गंज आणि कल्याण-शीळ रोडची सगळी धूळ सुखाने नांदताना दिसते. हा नंबर ज्यांनी आखला ती माणसं मात्र विचारी. एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून त्यांनी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कायमची हद्दपार केली. गंजाला कुणी कळवलंच नाही. तो आठचा बी करतो, पाचचा एस करतो आणि ओ चालत नाही म्हणून जगभर ठरलेलं असताना बरोब्बर मधोमध एक ठसठशीत ओ काढून ठेवतो. आरटीओबाहेरचे एजंट कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात आणि नंबर उमटवून घेतात. तसा घासून काढलेला आमचा नंबर १८ अक्षरी निघाला. ‘अहो, आरसीवर असतो की,’ असं म्हणणाऱ्यांनी आपलं कार्ड पाकिटातून काढून एकदा उजेडात धरावं. लोकलच्या गर्दीत इतकी वर्षं खिशात घामेजलेल्या त्या प्लास्टिकवर आता नाव वाचता आलं तरी पुष्कळ.

कसाबसा नंबर टाकला. उत्तर आलं : आपल्या वाहनाची माहिती उपलब्ध नाही, जवळच्या अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. साधला. काउंटरवरचा मुलगा फार नम्र.

‘सर, आमच्याकडे असं काही आलेलं नाही. चेसिस नंबर सांगा.’

सांगितला.

‘ही गाडी त्यात नाहीये, सर. पण तुमची सर्व्हिस ड्यू आहे.’

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने नंबर विचारलाच नाही. किक मारली, हँडल एकदा डावी-उजवीकडे फिरवलं आणि म्हणाला, ‘ह्या मॉडेलला हे होतंच. कंपनीला विचारू नका, मला विचारा.’ त्याच्याकडे दुरुस्तीचं मॅन्युअल नाही. मालकाला मिळणाऱ्या पुस्तकात आरसा कसा पुसावा ते सविस्तर आहे. पुढचं सगळं अधिकृत विक्रेता जाणे. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही घेतली. हक्क मिळाला, आता पाना तेवढा हवा.

बरं, आमचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही म्हणावं, तर विमेवाला पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी गाडीचा नंबर बिनचूक म्हणत फोन करतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या नंबर प्लेट लावायच्या होत्या, तेव्हा एमएच ०४ असो की एमएच ०५, अख्ख्या राज्याला खबर पोचली. मुदत वाढली तीही पोचली. ब्रेक दगा देऊ शकतो एवढी बातमी मात्र मालकाने स्वतः शोधून काढायची.

कायदा नाही असं नाही. २०१२ पासून गाड्या परत बोलावण्याची उद्योगाची स्वतःची आचारसंहिता होती, ऐच्छिक. मग २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. त्यात दोष सरकारदरबारी मान्य होण्याचा एक मार्ग असा, की त्या मॉडेलच्या मालकांपैकी ठरावीक टक्के लोकांनी तक्रार करायची. आता हे टक्के जमवायचे कुठे? शीळफाट्यावर. संध्याकाळी सात वाजता तिथे कोणत्याही मॉडेलचा कोरम पूर्ण असतो आणि कुणालाही कुठेही जाता येत नसतं. अध्यक्षांनी दुभाजकावर उभं राहावं, ठराव मांडावा. टँकरमागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून तो पुन्हा मांडावा. अनुमोदनाला मानपाड्यापर्यंत हॉर्न वाजवावेत. सह्यांचा कागद एका हेल्मेटकडून दुसऱ्या हेल्मेटकडे काटई नाक्यापर्यंत जावा आणि सहीसमोर प्रत्येकाने आपला चेसिस नंबर लिहायला आडवं व्हावं. घाई एवढ्यासाठीच, की नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू आहे आणि त्या रस्त्यावर गाड्या उभ्याउभ्या म्हाताऱ्या होतात.

समजा, झालं सगळं आणि सरकारनेच हुकूम सोडला, तर कंपनीला दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. सहा लाखांहून अधिक दुचाकी सदोष निघाल्या तर पूर्ण एक कोटी. भागाकार करा. गाडीमागे १६ रुपये ६७ पैसेही भरत नाहीत. सढळ हाताने १७ धरू, म्हणजे चेसिस नंबरच्या अक्षरी एक रुपया. आणि बारा लाख गाड्या बिघडवल्या तर गाडीमागे ८ रुपये ३३ पैसे, कारण घाऊक मालाला सवलत असते! माणसाच्या मानेची ही किंमत कुणी बसून, चहा घेऊन, तक्ता आखून ठरवली असेल? त्याच कायद्यात हेल्मेट न घालणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे. घालावंच हेल्मेट, वाद नाही. पण तो दंड आकारताना कुणी चेसिस नंबर विचारत नाही. तो तीन हात नाक्यावरून निघतो आणि आपण घरी पोचायच्या आत फोटोसकट मोबाइलवर येतो.