होडीला मोटारीचं इंजिन : ग्वाल्हेरच्या नवशिक्यांसाठी

साहित्य : सपाट बुडाची होडी एक, मोटारीचं इंजिन एक, सहा फुटी पंखा एक, पंख्याला घालायला लोखंडी जाळीचा पिंजरा, आणि वाड्याचा चौक. चौक ऐसपैस असावा. दालबाजारातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत हा उद्योग होत नाही.

एअरबोट कधी पाहिलीच नसेल तर एवढं लक्षात ठेवा : साध्या मोटरबोटीचा पंखा पाण्यात असतो, म्हणून तो जलपर्णीत अडकतो नाहीतर चिखलात रुततो. एअरबोटीचा पंखा मागे, उंचावर, हवेत असतो. तो हवा मागे फेकतो आणि होडी पुढे सरकते. त्यामुळे ती वीतभर पाण्यात चालते, जलपर्णीवरून चालते, ओल्या गवतावरूनसुद्धा घसरत जाते. फ्लोरिडाच्या दलदलीत हीच चालते. 2005 मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या बुडालेल्या गल्ल्यांतून माणसं काढायला याच होड्या धावल्या होत्या. आमच्या घरात हे वेड शिरलं 2021 च्या ऑगस्टमध्ये. सिंध नदीने दतियाकडचे पूल वाहून नेले, शिवपुरी-श्योपूरची गावं पाण्यात गेली, आणि टीव्हीसमोर बसलेल्या काकांनी जाहीर केलं की आपल्या घरात एक होडी हवी. घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, किल्ल्याच्या पायथ्याशी. नदी कुठे आहे, हे विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

सुरुवातीलाच एक वाईट बातमी. या होडीला ब्रेक नसतो. रिव्हर्सही नसतो. सुकाणूच्या फळ्या पंख्याच्या झोतात असतात, त्यामुळे घाबरून इंजिन बंद केलंत तर वळणंही बंद. जयविलास पॅलेसमधली जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी तुम्ही पाहिली असेल. पाहुण्याने सुरई उचलली की ती आपोआप थांबते. ग्वाल्हेरच्या माणसाची यंत्राकडून अपेक्षा तिथेच बिघडली आहे. एअरबोट असले शिष्टाचार पाळत नाही.

आता इंजिन. नवशिका पहिली चूक करतो ती हॉर्सपॉवर विचारण्याची. विचारायचे असतात ते फेरे.

हिशेब पाटीवर मांडा. पंखा सहा फुटांचा, म्हणजे त्याचं टोक एका फेऱ्यात सुमारे पावणेसहा मीटर फिरतं. मोटारीचं पेट्रोल इंजिन पूर्ण ताकद देतं मिनिटाला 6000 फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला शंभर. पंखा थेट इंजिनाला जोडला तर टोकाचा वेग झाला सेकंदाला 575 मीटर. आवाजाचा वेग साधारण 350. टोक आवाजाच्या वेगाजवळ गेलं की पंखा हवा ढकलायचं सोडून नुसता किंचाळू लागतो. ताकद आवाजात जाते, होडी जागच्या जागी, आणि शेजारी गच्चीवर. पुढे पाती तुटण्याची वेळ येते ती वेगळीच. म्हणून पंखा 2700 फेऱ्यांच्या वर नेऊ नये. विमानाची जुनी पिस्टन इंजिनं मुळात तेवढीच फिरतात, त्यामुळे त्यांना पंखा सरळ जोडता येतो. मोटारीच्या इंजिनाला मात्र मध्ये सव्वादोन पट वेग उतरवणारी गिअरची पेटी किंवा दातेरी पट्टा आणि दोन पुल्या लागतात. इंजिन मिळतं भंगारात. ही पेटी मिळत नाही, आणि खर्चाची खरी जागा तीच आहे. इंजिन घासाघीस करून स्वस्तात आणलं म्हणून पेढे वाटू नका.

हे ऐकल्यावर एखादा हुशार म्हणतोच : मग शेतावरचं किर्लोस्करचं पंपाचं इंजिन का नको? 1500 फेऱ्या, पेटीची कटकटच नाही. मराठी माणसाला हा विचार सुखावतो. पण वजन क्विंटलच्या वर आणि ताकद पाच घोड्यांची. होडी हलणार नाही. काठावर उभी करून गव्हाला पाणी देता येईल.

अॅम्बेसेडरचं डिझेल इंजिन घेऊ नका. 1489 सीसी, चाळिशीच्या आतले घोडे, आणि बिडाचं धूड. भावना म्हणून ठीक. आमच्या काकांची वरात त्याच गाडीतून निघाली होती. होडीच्या मागच्या टोकाला हे बसवलं की पुढचं टोक आकाशाकडे बघतं. मारुती 800 चं तीन सिलिंडरचं इंजिन हलकं आहे, सुटे भाग कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, पण 37 हॉर्सपॉवरमध्ये एकटा सडपातळ माणूस जाईल. काका जाणार नाहीत.

उरते जिप्सी. 1298 सीसी, चार सिलिंडर, ब्लॉक अॅल्युमिनियमचा, इंजेक्शनवाल्या मॉडेलला 80 हॉर्सपॉवर. घरच्या घरी छोटी विमानं बांधणारे परदेशातले हौशी लोक सुझुकीच्या याच घराण्याची इंजिनं वेग उतरवून पंख्याला लावतात, तेव्हा आपण काही जगावेगळं करत नाही, असं घरी सांगता येतं.

इंजिन निवडायला जाताना मिस्त्री बरोबर न्या. ट्रान्सपोर्ट नगरातल्या आमच्या मिस्त्रीने लांब पेचकसाचं टोक ब्लॉकला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग ऑइलचं झाकण काढून त्यावर तळहात धरला. हाताला धूर लागला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. डिपस्टिक ओढून बोटाने तेल चोळलं. ते ताकासारखं पांढरट असतं तर हेड गॅस्केटमधून पाणी शिरलेलं. एवढं सगळं झाल्यावर त्याने विचारलं, हे बसवायचं कशाला. मी पंख्याचं सांगितलं. तो म्हणाला, "भाईसाहब, कूलर बना रहे हो क्या?"

हसू नका. गार ठेवणं हाच पुढचा धडा आहे. रस्त्यावर मोटारीचं इंजिन बहुतेक वेळ निम्म्या ताकदीनेही चालत नाही. पंख्याला जोडलं की त्याला उसंत नाही. किल्ल्याचा उरवाईचा चढ पहिल्या गिअरमध्ये, गाडी भरलेली, आणि तो चढ तासभर संपतच नाही, असं समजा. त्यात आपला मे महिना. 45 अंशांना हवा विरळ होते. 15 अंशांच्या हवेपेक्षा जवळपास दहा टक्क्यांनी. इंजिनाला हवा कमी, पंख्याला ढकलायला हवा कमी, रेडिएटर उकळलेला. गाडीचाच रेडिएटर लावून भागवू नका, मोठा घ्या, आणि पंखा ज्या बाजूने हवा ओढतो त्या बाजूला बसवा.

इंजिनाचा घोडा, म्हणजे ज्या सांगाड्यावर ते बसतं तो, पाण्यात जाण्याआधी जमिनीवर तपासा. जयविलासच्या दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले, असं इथे प्रत्येक पाहुण्याला सांगतात. तत्त्व चांगलं आहे. हत्ती नसेल तर जाडजूड नातेवाईक चालतात. आणि पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा होडी उलट दिशेला कलते, हे त्यांना बसवताना ध्यानात ठेवा.

पिंजऱ्याशिवाय इंजिन सुरू करू नका. ओढणी, पंचा, पदर, मूल, मांजर, काहीही चालतं पंख्याला. आम्ही पिंजरा घातला होता. चूक झाली ती दिशेची. होडी चौकात बांधली होती, पंख्याची पाठ जिन्याकडे, आणि जिन्यावर काकूंच्या कुरडया वाळत होत्या. इंजिन जेमतेम दहा सेकंद चाललं. तीन कुरडया शेजारच्यांनी परत आणून दिल्या.

राहिला पाण्याचा प्रश्न. तिघऱ्याच्या धरणावर जाल तर ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. तुमचं गळकं ऑइल तुमच्याच नळाला येईल. शिवाय त्या धरणाला विनोदबुद्धी नाही. 1917 च्या ऑगस्टमध्ये, बांधून पुरतं होतं न होतं तोच, ते फुटलं आणि शेकडो माणसं गेली. विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे पुण्याजवळ खडकवासल्याला बसले, तसे या धरणालाही बसले, त्यांना जाऊन नमस्कार करा आणि परत या. शिवपुरीचं सख्यासागर उथळ आहे, जलपर्णीही आहे, एअरबोटीला जणू बेतून दिलेलं. पण ते माधव राष्ट्रीय उद्यानात येतं, 2022 पासून रामसर यादीत आहे, आणि त्यात मगरी आहेत. चंबळचं नावही काढू नका. तिथल्या वाळूवर घडियाल अंडी घालतात, आणि या होडीचा आवाज कोसभर जातो. थोडक्यात, पूर येईपर्यंत होडी चौकातच राहील, आणि पूर येऊ नये म्हणून काकू रोज देवापुढे दिवा लावतात.

इंजिन जुनंच घ्या. नव्या गाडीचं काढायचा मोह हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या मेळ्यात होतो. 1905 साली माधवराव शिंद्यांनी गुराढोरांसाठी भरवलेला हा मेळा आता मोटारींचा झालाय, आणि सरकार जाहीर करतं त्या वर्षी तिथे गाडी घेतली तर रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळते. होडीला मिळत नाही. मी खिडकीवर विचारून आलोय.