घड्याळाला नदी दिसत नाही

बदलापूरहून अंबरनाथला एका माणसाला सोडायचे म्हणून कोणी पंधरा डब्यांची लोकल मागवत नाही. सॉफ्टवेअरवाले मागवतात. रोज रात्री एकदा बॅकअप घ्यायचा, तर त्यासाठी कामांची वेळापत्रके चालवणारे एअरफ्लो बसवायचे, ते चालवायला वेगळा सर्व्हर घ्यायचा, तो सांभाळायला माणूस ठेवायचा. आणि त्या सर्व्हरचा बॅकअप कोण घेतो विचारा, तर क्रॉन! 1970च्या दशकात युनिक्सबरोबर आलेला हा म्हातारा दर मिनिटाला डोळा उघडतो, मिनिट, तास, तारीख, महिना, वार हे पाच रकाने वाचतो, हुकूम सोडतो आणि पुन्हा डुलकी काढतो. गंमत म्हणजे सर्व्हरांचा ताफा सांभाळणारे कुबरनेटिस घ्या की एअरफ्लो, वेळ सांगायला रकाने याचेच चालतात. उल्हासनगरच्या जीन्सवर लेबल कुठल्याही देशाचे लावा, शिवण कॅम्पातलीच.

म्हाताऱ्यावर आक्षेप आहेत आणि ते खरेही आहेत, पण त्याच्या वयाचा त्यांच्याशी संबंध नाही. नुसते घड्याळ पाहणाऱ्याला नदी दिसत नाही, हे त्याचे दुखणे. 26 जुलै 2019च्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईहून कोल्हापूरला निघाली आणि बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. वेळापत्रकात त्या रात्रीही एक चूक सापडली नसती. क्रॉनचे असेच आहे. आधीची फेरी संपली नसली तरी तो पुढची सोडतो. मशीन बंद असताना वेळ टळली, तर ती टळलीच. दुरुस्तीसाठी शुक्रवारी नळ कोरडा राहिला म्हणून शनिवारी कुठे दुप्पट पाणी येते? महिन्याच्या 31 तारखेचे काम सांगा, वर्षातून सातदा करून मोकळा. यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, लावलेल्या सर्व्हरला रात्री 12चे काम द्या, ते आपल्याकडे पहाटे 5.30ला सुरू होते, आणि तोवर बदलापूरच्या फलाटावर रेटारेटी चालू झालेली असते.

मग एअरफ्लोच बरे, असे कोणी म्हणेल. शंभर कामे एकमेकांत गुंतलेली असतील तर जरूर बरे. पण नदीला पूर आहे का, हे बघ, असे त्यालाही कोणीतरी लिहूनच द्यावे लागते. न लिहिले तर तेही गाडी सोडते, फक्त रंगीत आलेखासह. टळलेली फेरी भरून काढायला लिनक्समधल्या सिस्टिमडीच्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ची एक ओळ पुरते, आणि फेरीवर फेरी चढू नये म्हणून एफलॉकचे कुलूप आहे. दोन्ही फुकट, म्हणूनच बहुधा बैठकीत कोणी त्यांचे नाव काढत नाही. राहिला प्रश्न काम बिघडल्याचे कळण्याचा. मशीनवर टपालाची सोय असेल, तर क्रॉन कामाची ओरड सहसा त्याच मशीनच्या टपालपेटीत टाकतो. नवे काही विकत घेण्याआधी ती पेटी एकदा उघडून बघा.