औदार्य, मुदत 60 दिवस

प्रति,
कॉमकास्ट केबल कंपनी,
फिलाडेल्फिया, अमेरिका

स. न. वि. वि.

13 मार्च 2020 रोजी आपल्याला दानाची उबळ आली. करोनाने अमेरिका घरात बसवली आणि आपण घरगुती इंटरनेटवरची महिन्याला 1 टेराबाइटची मर्यादा 60 दिवसांपुरती उचललीत. पुढे ही सवलत 30 जूनपर्यंत लांबवलीत. बे एरिया, सिॲटल, शिकागोकडच्या मराठी घरांनी तेव्हा आपल्याला दुवा दिला असणार. मुलांची शाळा एका खोलीत, बायकोचं ऑफिस दुसऱ्या खोलीत, नवऱ्याचं स्वयंपाकाच्या ओट्यावर. लेकीच्या बाळंतपणाला गेलेले आणि विमानं बंद झाल्याने अडकलेले आईवडील पुण्याला व्हिडिओ कॉल लावून बसलेले.

आमची आपली भाबडी समजूत होती की मर्यादा आहे म्हणजे वाहिनी अरुंद असणार. चार हावरे लोक रात्रभर सिनेमे उतरवतात, त्यांना आवर घालायला नको का? पण मार्च सरता सरता आपणच जाहीर केलंत की गर्दीच्या वेळची वाहतूक 32 टक्क्यांनी वाढली, काही भागांत तर 60 टक्क्यांनी, आणि जाळं ठणठणीत आहे! टंचाईच्या नावाखाली दिवसाआड पाणी देणाऱ्या नगरपालिकेने ऐन मे महिन्यात चोवीस तास नळ सोडावेत, टाकी भरलेलीच राहावी आणि वर मुख्याधिकाऱ्यांनी टाकीच्या मजबुतीबद्दल स्वतःचा सत्कार करून घ्यावा, तसं झालं हे.

खरं तर आपल्याच अभियांत्रिकी विभागाच्या एका उपाध्यक्षांनी 2015 मध्ये ट्विटरवर घरचं गुपित फोडलं होतं. तेव्हाची मर्यादा 300 गीगाबाइटच का, असं कुणीतरी विचारलं. आपल्याला कल्पना नाही, ते धंद्याचं धोरण आहे, असं ते सांगून मोकळे झाले. (इतका सरळ माणूस आपल्याकडे टिकला कसा?) त्याच वर्षी बाहेर आलेल्या आपल्या अंतर्गत सूचनांमध्येही कर्मचाऱ्यांना बजावलेलं होतं की ग्राहकाला गर्दीचं कारण द्यायचं नाही, न्यायाचं द्यायचं.

तो न्याय 1 जुलै 2020 ला कामावर रुजू झाला. देशात रुग्णसंख्या नवे उच्चांक गाठत होती, शाळा कधी उघडणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं; पण आपलं कॅलेंडर पक्कं. मर्यादा वाढवून 1.2 टेराबाइट केलीत, हे मान्य. त्यापुढे दर 50 गीगाबाइटला 10 डॉलर, महिन्याला जास्तीत जास्त 100. नोव्हेंबरात तर हाच न्याय ईशान्येकडच्या राज्यांतही, म्हणजे थेट आमच्या न्यू जर्सीपर्यंत, पोचवायचं आपण ठरवलंत. पेनसिल्व्हेनियाचे ॲटर्नी जनरल आडवे आले, मॅसॅच्युसेट्सचे आमदार ओरडले, म्हणून बेत आधी लांबला आणि मग बासनात गेला.

आता 2025 मधल्या आपल्या नव्या प्लॅनांमध्ये मर्यादाच नाही म्हणे. महामारीत तीन-साडेतीन महिनेच टिकलेली माणुसकी, ग्राहक फायबरकडे आणि मोबाइल कंपन्यांच्या 5जीकडे पळू लागल्यावर एकदम कायमची झाली! त्या न्यायाचं काय केलंत? निवृत्त केलात, की जुन्या प्लॅनवरच्या ग्राहकांकडे अजून नोकरीला ठेवलाय?

कळावे, लोभ मोजूनमापूनच असावा.

आपला,
एक अमर्याद आभारी