पंधरा पास्कल आणि एक कबुतर

इंजेक्शनच्या बाटल्या भरायची खोली बांधणं म्हणजे सोवळ्याचा कळस. एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३५२० च्या वर गेले, की खोली विटाळली. शेजारच्या खोलीपेक्षा तिच्यात हवेचा दाब १० ते १५ पास्कल जास्त ठेवायचा, म्हणजे हवा बाहेर जाईल, आत घुसणार नाही. हा दाब म्हणजे जेमतेम एक-दीड मिलिमीटर पाण्याचा. मावळात एवढा पाऊस छत्री मिटेपर्यंत पडतो. दोन दारं एकाच वेळी उघडत नाहीत; एक लागल्याशिवाय दुसरं हलत नाही. मावळातल्याच कान्हे स्टेशनवरून लोकलच्या दारात लटकून निघालेला माणूस या खोलीत पोहोचला, की पावडर नाही, घड्याळ नाही, डोळेसुद्धा झाकलेले.

त्या लोकलच्याच रुळांवर पुढे पिंपरी आहे. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स तिथेच उभी राहिली, तेव्हा हे सोवळं आपल्याला नवं नाही.

मग अशा खोलीत भरलेली बाटली निघते आणि एखाद्या वॉर्डात पोहोचते. कुठल्या, ते विचारू नका. मी मामांना भेटायला गेलो होतो. खिडकीची काच फुटलेली, तिथे जुन्या एक्स-रेची फिल्म चिकटवलेली. सलाईनचा स्टँड मोडका, म्हणून बाटली खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली. वर पंख्याच्या वाटीत कबुतराचं घरटं.

नर्सबाई म्हणाल्या, "हलवू नका हो, अंडी आहेत."