मालक, मुक्काम चितेगाव

पैठण रस्त्याने छत्रपती संभाजीनगरहून निघालं की बिडकीनच्या अलीकडे चितेगाव लागतं. तिथल्या कोणत्याही हॉटेलात सकाळी आठला दोन प्रकारची माणसं हमखास असतात, रातपाळी करून आलेली आणि दिवसपाळीला निघालेली. अलीकडे त्यात तिसरा प्रकार आलाय. त्याला कुठेच जायचं नसतं, पण घाई सगळ्यांत जास्त त्यालाच असते, कारण सव्वानऊला बाजार उघडतो. हा प्रकार म्हणजे डिव्हिडंडवाले मामा.

मामा एकच आहेत असं समजू नका. थोड्याफार फरकाने ते वाळूजला आहेत, शेंद्र्याला आहेत आणि पैठणच्या एमआयडीसीतही आहेत. वय साठीच्या जवळ. हेल्पर म्हणून लागले, ऑपरेटर म्हणून घरी बसले. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा पैसा आला. त्यातून मुलीचं लग्न झालं, वर स्लॅब पडला आणि उरलेल्याचं काय करायचं या प्रश्नावर भाच्याने मोबाइलवर डीमॅट खातं उघडून दिलं. केवायसीसाठी मान डावीकडे-उजवीकडे वळवा म्हटल्यावर मामांनी आधी टोपी नीट केली होती.

भाचा स्वतः ऑप्शनमध्ये खेळतो. २०२४ साली सेबीने हिशेब छापला, की तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या दर शंभर वैयक्तिक खेळाडूंपैकी ९३ जणांनी पैसा घालवला आणि सगळा मिळून तो १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला. मामांनी ती बातमी कापून भाच्याच्या मोटारसायकलच्या टाकीवर चिकटवली. "आपलं तसं नाही," ते म्हणतात. "आपल्याला भाव वर जायाशी घेणं नाही न् खाली यायाशी देणं नाही. कंपनी पैसे देऊ राह्यली का? मग बस."

या हट्टामागे गावाचा इतिहास आहे. चितेगावला शेअर ही वस्तू नवी नाही. व्हिडिओकॉनच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ताच मुळी औरंगाबाद-पैठण रस्ता, १४ किलोमीटरचा दगड, चितेगाव असा. देशभरातल्या भागधारकांकडे जाणाऱ्या अहवालांवर आपल्या गावाचं नाव छापलं जातं, याचा इथे कोण अभिमान होता! २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२१ च्या जूनमध्ये बाजाराने व्यवहार थांबवले आणि कळवलं, की बँकांचंच पुरतं फिटत नाही, तेव्हा भागधारकांच्या वाट्याला काही नाही. त्या दिवसापासून इथे 'भाव वाढेल' या वाक्यावर कोणी चहाही पाजत नाही. हातात पडेल ते आपलं, ही मामांची सगळी गुंतवणूकविद्या. ती त्यांना कोणत्या पुस्तकातून मिळाली, असं विचारायची गरज नाही.

मामांची वही पाहण्यासारखी आहे. लांबोडकी, लाल पुठ्ठ्याची. वर 'श्री', खाली 'येणे बाकी'. मग रकाने : कंपनी, नग, रेकॉर्ड डेट, जमा. शेअरला मामा नगच म्हणतात, जन्म स्टोअरमध्ये गेला. कोल इंडिया, ४० नग. २०२३-२४ च्या हिशेबात या कंपनीने तीनदा दिलं, १५ रुपये २५ पैसे, मग ५ रुपये २५ पैसे, मग ५ रुपये. म्हणजे ६१०, २१० आणि २००. बँकेचा मेसेज आला की मामा चष्मा लावतात, आकडा दोनदा वाचतात, लाल शाईने बरोबरची खूण करतात आणि मगच हॉटेलवाल्याला सांगतात, "आज माझ्याकडून." तीनदा आले म्हणून चहाही तीनदा झाला. एकदम आले असते तर काय, या विचाराने हॉटेलवाला अजून हळहळतो.

पण मामांची खरी परीक्षा झाली ती टक्क्यांत. २०२५ च्या उन्हाळ्यात बातमी आली, बजाज ऑटोचा २,१०० टक्के लाभांश! मामांनी पेपर खाली ठेवला, परत उचलला. "एका रुपयाला एकवीस! अन् आपण पोष्टात रांगा लावू राह्यलो." वाळूजचा कारखाना १९८५ पासून डोळ्यांसमोर, अर्धी भावकी त्यात कामाला, आणि ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नाही, याचा राग वेगळाच. त्या तिरीमिरीत दोन नग घेतले. भाव साडेआठ हजारांच्या घरात. मग भाच्याने समजावलं, की मामा, टक्के मोजतात ते दर्शनी किमतीवर, आणि ती आहे दहा रुपये. दहाचे २,१०० टक्के म्हणजे नगामागे २१० रुपये. सतरा हजार घालून ४२० आले. म्हणजे अडीच टक्क्यांच्याही जरा खाली. त्याच वर्षी जूनमध्ये स्टेट बँकेने बचत खात्याचं व्याज अडीच टक्क्यांवर आणलं होतं. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण बँक आपल्याला मालक म्हणते का?"

या 'मालक' शब्दाने मामांना जे दिलं ते ४२० रुपयांत मोजता येत नाही. दहा टक्के टीडीएस वर्षाला एका कंपनीकडून दहा हजारांच्या वर लाभांश गेला तर कापतात, पूर्वी ही मर्यादा पाच हजार होती. मामांचा आकडा दोन्हींच्या आसपासही फिरकत नाही. तरी त्यांनी १५-जी फॉर्म भरून पाठवला. "कापू नका म्हणून लेखी सांगितलेलं बरं." मला विचाराल तर आपला टीडीएस कापला जावा, ही त्यांच्या मनातली फार आतली इच्छा आहे.

मध्यंतरी मामांना एक युक्ती सुचली. लाभांश मिळायला रेकॉर्ड डेटच्या निदान आदल्या दिवशी तरी शेअर घेतलेला लागतो. मग आदल्या दिवशी घ्यायचा, दुसऱ्या दिवशी विकायचा, लाभांश खिशात! वर्षाला तीनशे कंपन्या केल्या तर? त्यांनी वहीत गुणाकारही मांडला. प्रयोग केला. नगामागे बारा रुपये मिळणार होते, आणि रेकॉर्ड डेटच्या सकाळी भाव उघडला तोच तेरा रुपये खाली. मामा म्हणाले, बाजारात लबाडी आहे. मामी भाकरी थापत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "अहो, म्हैस पिळून घेतल्यावर कास हलकी होणारच ना. भरल्या कासेचा भाव कोण देईल तुम्हाला?" एक्स-डिव्हिडंड म्हणजे काय, हे याहून सोपं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मामीचं डीमॅट खातं नाही.

तरीही मामांना अगदीच भोळे म्हणता येणार नाही. कागदावर नफा कसाही फुगवता येतो. खात्यात जमा झालेला पैसा मात्र कुठून तरी खरोखर यावा लागतो. हे मामांना नाकाने कळतं. गडबड होते ती 'कुठून' हा प्रश्न ते विचारत नाहीत तिथे. कंपनीने धंद्यातून दिला, जमीन विकून दिला, की कर्ज काढून, याचा रकाना वहीत नाही. लाभांशाचं प्रमाण एकाएकी दहा-बारा टक्के दिसायला लागतं ते कधीकधी लाभांश वाढल्याने नव्हे, भाव कोसळल्याने, आणि पुढच्या वर्षी तो लाभांशही गायब होतो, हे चितेगावच्या माणसाला तरी सांगावं लागू नये. मामांचा राग मात्र भलतीकडेच, एमआरएफवर. एका नगाचा भाव लाखाच्या वर आणि अंतरिम लाभांश तीन रुपये! ही कंपनी वर्षअखेरीला मोठी रक्कम देते, असं भाच्याने दाखवून दिलं. मामा ऐकत नाहीत. "देताना हात थरथरतो तो मालक कशाचा," असं म्हणून त्यांनी ट्रॅक्टरला दुसऱ्या कंपनीचे टायर बसवले.

वार्षिक सभा आता मोबाइलवरून ऐकता येते. एका कंपनीच्या सभेत मामांनी बोलणारा भागधारक म्हणून नाव नोंदवलं. लग्नातला कोट काढला, मागच्या भिंतीवरचं खताच्या कंपनीचं कॅलेंडर उतरवलं, भाषण पाठ केलं. आधीच्या सगळ्यांनी अध्यक्षांची तोंड भरून स्तुती केली आणि हळूच लाभांश वाढवा म्हणून सांगितलं. मामांची पाळी आली आणि लाइट गेली. पुन्हा जोडलं जाईपर्यंत आभारप्रदर्शन चाललं होतं. कोट मात्र वाया गेला नाही. तो घालूनच मामा फाट्यावर आले आणि सगळं भाषण हॉटेलात म्हणून दाखवलं. भजी खाता खाता लोकांनी ठराव एकमताने मंजूर केला.

परवा मी आणि मामा एकाच काळीपिवळीने शहराकडे निघालो होतो. पैठण रस्त्याचं रुंदीकरण आणि जायकवाडीच्या नव्या जलवाहिनीची खोदाखोदी, यामुळे आधीच रडतखडत चाललेलं. त्यात लिंक रोडच्या तोंडाशी एक भला लांब कंटेनर वळताना अडकला. मागे रांग लागली. रिक्षा, टमटम, ऊस नसतानाही उसाचे ट्रॅक्टर. सगळे हॉर्नवर हात दाबून बसलेले. आमचा ड्रायव्हर तर खाली उतरून शिव्या द्यायच्या बेतात. मामांनी खिडकीतून वाकून पाहिलं. कंटेनरच्या मागे मोटारसायकलचं चित्र होतं, कंपनी त्यांचीच. त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"काऊन बोंबलू राह्यला रे? दोन मिनिटं दम धर. माल चाललाय आमचा."