लुटुपुटूचे सभासद

सोसायटीच्या हिशेबाचं एक ॲप माझ्याकडे होतं, रेल्समध्ये लिहिलेलं. कंट्रोलरचं काम पोस्टमनचं: सभासद आला, त्याच्या फ्लॅटची थकलेली बिलं काढली, पानावर टाकली, संपलं. पण टेस्ट लिहायची तर आधी डेटाबेसात इमारत उभारा, तिला विंग द्या, विंगेत फ्लॅट, फ्लॅटला मालक, मालकाच्या नावावर बिलं. घोटभर चहासाठी म्हैस कोण पाळतो? मी भातुकली मांडली.

खऱ्या मॉडेलच्या जागी जो बसवतात त्याला टेस्ट डबल म्हणतात. सिनेमात हीरोऐवजी गच्चीवरून उडी मारणाऱ्या डबलवरून जेरार्ड मेझारोस यांनी हे नाव घेतलं. माझे डबल उड्याबिड्या मारत नव्हते, पढवलेलं तेवढं बोलत होते. सभासदाला फ्लॅट विचारा, खोटा फ्लॅट हजर. फ्लॅटला बिलं विचारा, खोटी बिलं. थकलेली किती? "दोन." टेस्ट लिहायच्या आरस्पेक या साधनात ही सगळी साखळी एका ओळीत पढवता येते. तिचा वापर म्हणजे कोडला येणारा वास समजा, असं आरस्पेकच्याच माहितीपत्रकात लिहिलंय. मला तेव्हा सर्दी असावी.

या बाबतीत 1987 पासूनचा एक नियमही आहे, डेमीटरचा: फक्त जवळच्यांशी बोला. आमच्या घरी लग्नाची यादी मावसभावाच्या मेव्हण्याच्या शेजाऱ्यापर्यंत जाते. मी कोड त्याच वळणानं लिहिला, आणि टेस्टही.

मग एका सहकाऱ्यानं मॉडेलमधल्या 'बिल्स'चं 'इन्व्हॉइसेस' केलं. कंट्रोलर तसाच राहिला. टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्यागार. असणारच! प्रश्न माझा, उत्तर माझं, मार्कही मीच दिलेले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात डेमो. सेक्रेटरीकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि 'थकबाकी'वर बोट ठेवलं. पानावर ठळक अक्षरात 500, म्हणजे सर्व्हरची एरर.

"पाचशेच?" काका खूश. "माझ्याकडे तर बाराशे निघतात. सूट दिलीत होय?"

परत येऊन साखळ्या तोडल्या आणि सगळीकडे इन्स्टन्स डबल बसवले. आरस्पेक 3 मध्ये, 2014 साली, हे आले. पढवलेली मेथड खऱ्या क्लासात आहे का, हे ते आधी तपासतात. नसेल तर टेस्ट लाल. अकरा लाल झाल्या. दहांचं कारण ते बदललेलं नाव. अकरावीतली मेथड मात्र मॉडेलमध्ये कधी लिहिलीच गेली नव्हती, आणि ती टेस्ट आठ महिने रोज पास होत होती.