बिशपबाई आणि कढीपत्ता

"वहिनी, कढीपत्ता घ्या आणि ऐका. काल लेकीचा फोन होता बॉस्टनहून. तिथल्या एका बिशपबाईंचं सांगत होती, बार्बरा हॅरिस."

"बाई आणि बिशप? पोप चालवून घेतो?"

"पोपचा काय संबंध? एपिस्कोपल चर्च ते, इंग्लंडच्या चर्चचं अमेरिकेतलं गोत. आपलं पुण्याचं पंचहौद मिशन मुळात त्याच भावकीतलं. जिथला चहा टिळक-रानड्यांना भोवला ते!"

"बरं, मग ही कुणा पाद्र्याची मुलगी वगैरे?"

"छे! फिलाडेल्फियाची काळी बाई, 1930 चा जन्म. तेलाच्या कंपनीत जनसंपर्काची मोठी नोकरी. आपण सुट्टीत माहेरी जातो, ही मिसिसिपीत काळ्यांची मतदार नोंदणी करायला. त्याच हक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चातही होती. 1974 साली अकरा बायकांना चर्चची परवानगी नसताना पुरोहितपद दिलं, तेव्हा पुढे क्रूस धरून चालणारी हीच. स्वतः पुरोहित झाली ती 1980 ला, पन्नाशीत."

"नवरा काय म्हणाला?"

"नवरा केव्हाच सुटलेला."

"का?"

"अहो, पुढचं ऐका. 1988 ला मॅसॅच्युसेट्समध्ये सहायक बिशप म्हणून निवडून आली. जगभरच्या या अँग्लिकन भावकीत बिशप होणारी पहिलीच बाई! झालं, लागले लोक उकरायला. घटस्फोटित आहे, धर्मशिक्षणाची पदवी नाही, तोंडाची फटकळ आहे. हे सगळं पुरुषात असतं तर खपलं असतं. धमक्या आल्या. फेब्रुवारी 1989 मध्ये दीक्षाविधी, आठेक हजार माणूस. पोलीस म्हणाले, आतून बुलेटप्रूफ जाकीट घाला."

"अगंबाई! घातलं?"

"नाही! मरायचंच तर वेदीपेक्षा चांगली जागा कुठली, हा तिचा हिशेब. विधीत कुणाची हरकत आहे का विचारतात, तर दोघं खरंच उठले. त्यांचं ऐकून घेतलं आणि विधी पुढे चालू. मग बरीच वर्षं केलंन काम. गेली 2020 च्या मार्चमध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी."

"धीराची हो बाई. पण..."

"पण काय?"

"नवरा का सुटला, ते नाही सांगितलंत."

"वहिनी, तुम्ही त्या हरकतवाल्यांच्या रांगेत बसा. आणा तो कढीपत्ता इकडे!"